गर्व नको, अभिमान हवा

२७ फेब्रुवारी हा कविवर्य कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. तो आपण 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा करतो. त्या दिवशी चौकाचौकांत शुभेच्छाफलक झळकतात, ग्रंथदिंड्या निघतात, व्यासपीठे सजतात. या फलकांपैकी एखाद्यावर तरी 'मराठी भाषा गौरव दीनाच्या हार्दीक शुभेच्छा' असा मजकूर हटकून वाचायला मिळतो. जाणता वाचक क्षणभर थबकतो, मनातल्या मनात चरफडतो आणि पुढे जातो. 'दिन' म्हणजे दिवस. 'दीन' म्हणजे लाचार, केविलवाणा. फलक लिहिणाऱ्याच्या हातून एक वेलांटी चुकली. परंतु चुकता चुकता तो एक कटू सत्य सांगून गेला. ज्या भाषेचा गौरव करायचा, तिच्या गौरवाच्या फलकावरच तिची अशी दैना व्हावी, यापरते दैन्य कोणते?

गेल्या काही वर्षांत मराठीच्या पदरात बरेच काही पडले. २०२० साली राज्यातील सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा झाला. २०२२ साली दुकानांवरील पाट्या मराठीत असल्याच पाहिजेत, अशी तरतूद झाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतील दुकानदारांना ती पाळण्यास बजावले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हे सारे आनंदाचेच आहे. पण कायदा पाटीवर मराठी आणू शकतो, ती मराठी नीट लिहिली जाईल याची हमी तो देऊ शकत नाही. दर्जा मंत्रिमंडळ देते. तो राखण्याचे काम मात्र मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक हाताला करावे लागते.

देशापुढे इतके गहन प्रश्न उभे असताना वेलांट्यांची आणि टिंबांची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी एक साधा अनुभव आठवून पाहावा. आपल्या मुलाने इंग्रजी निबंधात एखाद्या शब्दाचे स्पेलिंग चुकवले तर आपण अस्वस्थ होतो, त्याला तो शब्द दहा वेळा लिहायला लावतो. नोकरीच्या अर्जात अशी चूक राहिली तर लाजेने मान खाली जाते. तोच मुलगा मराठीत 'आणी', 'परिक्षा', 'आशिर्वाद' लिहितो, तेव्हा आपण म्हणतो, "चालते!" परक्या भाषेपुढे थरथरणारा हात स्वभाषेत इतका निर्धास्त का होतो? इंग्रजी चुकली तर लोक हसतील, याची भीती आहे. मराठी चुकली तर कोणी हसणार नाही, याची खात्री आहे. धाकापोटी काळजी घ्यायची आणि धाक नसेल तेथे बेफिकीर राहायचे, ही स्वतंत्र समाजाची मनोवृत्ती नव्हे. म्हणून हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही, तो स्वत्वाचा आहे.

अशा चुका करणारे सगळेच अडाणी असतात, असे मात्र नाही. त्यांच्या चुकांना पुष्कळदा एक तर्कशास्त्र असते. मराठीच्या स्वाभाविक उच्चारात शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचे इकार-उकार दीर्घ होतात. म्हणून आपण 'फूल', 'दूध', 'गरीब', 'वकील' असे लिहितो. पुढे प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व होतात: 'फुलाचा', 'दुधात', 'गरिबांना', 'वकिलाला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ रूप सोडत नाहीत. 'शरीर' आणि 'शरीराला', 'दूत' आणि 'दूताला' यांत काही बदलत नाही. 'सामाजिक', 'नागरिक', 'हार्दिक' यांतील 'इक' सदैव ऱ्हस्वच राहतो. जो 'सामाजीक' लिहितो, त्याचा कान बहिरा नाही. मराठीचा नियम तो संस्कृत शब्दाला लावतो, एवढेच. जो 'दूधाचे' लिहितो, तो संस्कृतचा नियम मराठी शब्दाला लावतो. दोघांनाही हा भेद कोणी नीट समजावून सांगितलेला नाही. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले आणि शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम आहेत तरी किती? १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार, असे अवघे अठरा! एका दिवाळीच्या सुट्टीत ते आत्मसात होतील. पण वर्षानुवर्षे ते परीक्षेतील पाच गुणांच्या प्रश्नापुरतेच उरले आहेत.

आता जरा गावागावांतील कोनशिला पाहा. रस्ता असो, सभामंडप असो वा पाण्याची टाकी असो, शुभारंभाच्या दगडावर 'भुमीपुजन' हा शब्द कोरलेला आढळतो. पाच अक्षरांच्या त्या शब्दात तीन चुका आहेत! 'भू' दीर्घ हवा, 'मि' ऱ्हस्व हवी, 'पू' पुन्हा दीर्घ हवा. 'भूमी', 'गुरू', 'कवी', 'मंत्री' हे शब्द मराठीत स्वतंत्रपणे येतात तेव्हा दीर्घान्त असतात. पण ते समासाच्या आरंभी आले की आपल्या मूळच्या ऱ्हस्व रूपाने येतात. म्हणून 'भूमिपूजन', 'गुरुपौर्णिमा', 'कविसंमेलन', 'मंत्रिमंडळ'. कागदावरची चूक खोडता येते. दगडावरची चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शेजारच्या शाळेतील मुले येता-जाता तो शब्द वाचतात, आणि गुरुजींनी वर्गात शिकवलेल्या शब्दापेक्षा दगडावरचा शब्द त्यांना अधिक खरा वाटतो.

अनुस्वाराची कथा तर याहून बोलकी आहे. मराठीत अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतो. 'वारसाने सही केली' म्हणजे एकाने केली. 'वारसांनी सही केली' म्हणजे अनेकांनी केली. जमिनीच्या कागदावर हे टिंब वगळले गेले, तर भावाभावांत वाद उभा राहू शकतो. पण या टिंबाचे मोल केवळ संख्येपुरते नाही. मराठीत आदर व्यक्त करायचा झाला की आपण अनेकवचन वापरतो. 'त्याचा' आणि 'त्यांचा' यांत अंतर आहे ते आदराचे. आता मिरवणुकीच्या फलकावर 'शिवाजी महाराजाची जयंती' असे लिहिलेले पाहा. लिहिणाऱ्याच्या मनात भक्ती ओतप्रोत आहे, याविषयी शंका नाही. पण त्याच्या लेखणीने महाराजांना एकेरी संबोधले आहे. जे टिंब मनातील आदर कागदावर उमटवते, तेच नेमके गळाले! भाषेतील नियम हे वैयाकरणांचे चोचले नसतात. त्या समाजाचे शील त्यांत साठवलेले असते.

अक्षराने अर्थ कसा पालटतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रसंगाची 'धरावे'चे 'मारावे' केल्याची आख्यायिका खरी असो वा नसो, 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी कायमचा बसला. आज आपण नकळत रोज किती 'ध'चे 'मा' करतो! 'उपहार' म्हणजे भेट, आणि 'उपाहार' म्हणजे अल्पसे खाणे. तरी भुकेलेल्या प्रवाशाला आपण 'उपहारगृहा'त पाठवतो. 'आचार्य' म्हणजे गुरू, 'आचारी' म्हणजे स्वयंपाकी. 'आचार्यांचे आशीर्वचन' असे छापायचे असताना 'आचाऱ्यांचे आशीर्वचन' असे छापले गेले, तर व्यासपीठावर पळीवाढ्याला पाचारण करावे लागेल. 'महत्' या शब्दाला 'त्व' हा प्रत्यय लागून 'महत्त्व' होते, म्हणून त्यात दोन 'त' आहेत. एक वगळला की शब्दाची व्युत्पत्तीच पुसली जाते. 'दुर्' आणि 'अवस्था' मिळून 'दुरवस्था' होते. 'दुरावस्था' असे लिहून आपण फक्त भाषेच्या दुरवस्थेत भर घालतो.

हे सारे लेखनातील दोष झाले. ते डोळ्यांना खुपतात, म्हणून निदान लक्षात तरी येतात. त्याहून गंभीर दोष वाक्याच्या घडणीतले आहेत, आणि ते आता खुपेनासे झाले आहेत. अधिक काळजी वाटावी ती याची. वेलांटी चुकली तर शब्दाचे वस्त्र चुरगळते. वाक्याची घडणच परकी झाली तर भाषेचा कणा वाकतो.

'त्याने माझी मदत केली', 'माझ्यासोबत अन्याय झाला' ही वाक्ये आज सुशिक्षितांच्या तोंडी आहेत. शब्द मराठी आहेत, पण वाक्य हिंदीचे आहे. मराठीत मदत 'मला' केली जाते. अन्याय 'माझ्यावर' होतो, माझ्या सोबतीने नव्हे! 'खुलासा' या शब्दाचे उदाहरण घ्या. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. एखाद्यावर आरोप झाला की तो खुलासा करतो. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ गौप्यस्फोट असा होतो. वृत्तवाहिन्यांनी तो अर्थ उचलला आणि 'धक्कादायक खुलासा' रोज पडद्यावर धावू लागला. परिणामी 'मंत्र्यांचा खुलासा' असे शीर्षक वाचून मंत्र्यांनी आरोपाचे निराकरण केले, की नवा आरोप केला, हेच कळेनासे झाले. 'शिक्षा', 'चेष्टा', 'आपत्ती' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत आणि दोन्हींकडे त्यांचे अर्थ निराळे आहेत. हिंदी ही आपली भगिनी भाषा आहे, तिच्याविषयी आमच्या मनात किंचितही दुरावा नाही. पण बहिणीचे घर आपले मानणे वेगळे आणि आपल्या घराचा उंबरठाच उखडून टाकणे वेगळे.

या पंक्तीतला सर्वांत बोलका शब्द 'गर्व'. 'मला मराठी असल्याचा गर्व आहे' असे शब्द गाड्यांच्या मागच्या काचांवर आणि अंगातील सदऱ्यांवर मिरवले जातात. हिंदीत 'गर्व' शोभतो. तेथे त्याचा अर्थ सार्थ अभिमान असाही होतो. मराठीत मात्र गर्व म्हणजे ताठा. गर्वाचे घर खाली, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. ज्याला मराठीचा अभिमान आहे, त्याला 'अभिमान' हा मराठी शब्द आठवू नये आणि आपण स्वतःवर दुर्गुणाचा शिक्का मारून घेत आहोत, हेही कळू नये, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

दुसरे आक्रमण इंग्रजी वाक्यरचनेचे आहे. 'पुणे, जे की एक ऐतिहासिक शहर आहे' अशी वाक्ये आता राजरोस छापली जातात. मराठीत 'जो' आला की मागोमाग 'तो' येतो: जो राबेल, तो खाईल. 'तो'वाचून लोंबकळणारा 'जो' आपला नव्हे. सार्वजनिक संस्थांच्या वृत्तान्तांत 'करण्यात आले' याचा तर सुकाळ असतो. 'शिबिराचे आयोजन करण्यात आले. पाहुण्यांचे स्वागत करण्यात आले. उपस्थितांना मार्गदर्शन करण्यात आले.' हे सारे कोणी केले? कर्ता बेपत्ता! वास्तविक शिबिरासाठी गावातील दहा तरुण आठवडाभर राबलेले असतात. पण वाक्यात त्यांना जागाच नसते. 'गावातील तरुणांनी शिबिर घेतले' हे चार शब्दांचे वाक्य सरळ आहे, खरे आहे आणि राबणाऱ्यांना न्याय देणारे आहे. आमच्याकडे येणाऱ्या वृत्तान्तांतही हा दोष असतो आणि तो काढताना आमच्याकडूनही कसूर होते, हे येथे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शुद्ध-अशुद्ध कोणी ठरवायचे? मूठभरांच्या बोलीला प्रमाण ठरवून इतरांना अशुद्ध म्हणणे हा अन्याय नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. बोलीला अशुद्ध म्हणणे हा अडाणीपणाच आहे. नागपूरकर 'जाऊन राहिलो' म्हणतो, सीमाभागातला मराठी माणूस कन्नडच्या सहवासाने 'मी काम केलो' म्हणतो, खेड्यातली माउली 'पानी' म्हणते. त्या चुका नव्हेत, ती मराठीची श्रीमंती आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी खानदेशच्या बोलीत रचलेल्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. त्या कवितेतील एकाही शब्दाला 'सुधारण्याचे' धाडस कोणी करू नये.

परंतु म्हणूनच लिहिण्याची एक सामाईक रीत आवश्यक ठरते. चंद्रपूरच्या माणसाने लिहिलेले सिंधुदुर्गाच्या माणसाला आणि बडोद्याच्या मराठी कुटुंबातले पत्र बेळगावात निर्वेध कळावे, यासाठी ती रीत असते. ती कोणाचीच बोली नाही, म्हणून ती सर्वांची आहे. शिवाय फलकावरील 'दीन' किंवा कोनशिलेवरील 'भुमीपुजन' ही कोणत्या प्रदेशाची बोली आहे? ती केवळ बेफिकिरी आहे. बोलीची ढाल पुढे करून आळसाचे समर्थन करणे हा बोलीचाही अपमान होय.

भाषेच्या नेटकेपणाचा आग्रह ही इंग्रजांनी दिलेली शिस्त आहे, असाही एक समज आहे. आपली परंपरा काय सांगते? नकलकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः थोर कवी असलेल्या महापुरुषाने दुसऱ्याच्या ग्रंथातील अक्षर न् अक्षर तपासावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ती त्यांनी सेवाच मानली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. काने, मात्रा, वेलांट्या नीट असाव्यात, हे सांगणे त्यांना परमार्थाच्या ग्रंथात अस्थानी वाटले नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वराज्य उभारताना राज्यव्यवहारकोश सिद्ध करून घेतला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण रचले आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी त्या शास्त्राला भक्कम रूप दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'तारखे'ला 'दिनांक' हा सुटसुटीत पर्याय दिला. तो शब्द आज प्रत्येक अर्जावर आहे, पण कित्येक अर्जांवर तो 'दिंनाक' असा छापलेला असतो! शब्द आपण स्वीकारला, पण तो देणाऱ्याची दक्षता आपण स्वीकारली नाही.

आणि ही दक्षता कोणा एका जातीची वा पंथाची मिरास नाही. १९२५ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या यास्मिन शेख यांनी सारे आयुष्य मराठी व्याकरणाच्या अध्यापनात वेचले आणि 'मराठी शब्दलेखनकोश' सिद्ध केला. अरुण फडके यांनी 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही छोटी पुस्तिका सामान्यांच्या हाती दिली. भाषा तिची, जो तिची निगा राखतो.

मग करायचे काय? मोठमोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. एके काळी प्रत्येक छापखान्यात आणि वृत्तपत्रात मुद्रितशोधक असे. संगणक आला, अनेक ठिकाणी ते पद गेले, आणि कोणीच न तपासलेला मजकूर थेट वाचकापुढे येऊ लागला. आता तर यंत्राने केलेली भाषांतरे जशीच्या तशी छापली जातात. म्हणून तर यंत्र आपल्याला 'कार्ड घाला' असे साधे न सांगता 'कार्ड प्रविष्ट करा' असे फर्मावते. यंत्राचा उपयोग अवश्य करावा. पण अखेरची नजर मराठी जाणणाऱ्या माणसाची असावी. प्रत्येक संस्थेने, मंडळाने, पतपेढीने आणि ग्रामपंचायतीने एवढाच संकल्प करावा: फलक रंगवण्यापूर्वी, पत्रिका छापण्यापूर्वी आणि विशेषतः दगड कोरण्यापूर्वी तो मजकूर गावातील मराठीच्या शिक्षकाला दाखवायचा. याला खर्च नाही, ठराव नाही, अनुदान नाही. लागतात ती फक्त दहा मिनिटे आणि विचारण्याची नम्रता. उलट जाणत्यांनीही चूक दाखवताना माणसाला खाली पाहायला लावू नये. चिडून केलेल्या टीकेने लिहिणारा लिहिणेच सोडतो. आपुलकीने दाखवलेली चूक तो जन्मभर विसरत नाही.

आमच्या पृष्ठांवरही चुका राहतात. वाचकांनी त्या निःसंकोच कळवाव्यात. आम्ही त्या कृतज्ञतेने सुधारू. येत्या २७ फेब्रुवारीला पुन्हा फलक लागतील. तेव्हा एखाद्या तरुण कार्यकर्त्याने रंगाऱ्याच्या हातातील कुंचला क्षणभर थांबवावा आणि म्हणावे, "काका, 'दि' ऱ्हस्व काढा." त्या एका वेलांटीत गर्व नसेल, पण अभिमान असेल, आणि तो फलक खऱ्या अर्थाने गौरवाचा असेल.